‘वर्क यू’ का चालत नाही, मॅडम?

संध्याकाळच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला येणारी माणसं दिवसभर राबून आलेली असतात. व्याकरणाचा तक्ता काढला की जांभया सुरू. म्हणून प्रश्नार्थक वाक्यं मी खेळातून घेते. मी एखादा व्यवसाय मनात धरायचा आणि वर्गानं प्रश्न विचारून तो ओळखायचा. अट एवढीच की प्रश्नाची रचना चुकली तर उत्तर नाही.

त्या दिवशी पहिल्या फेरीत मला तोंड उघडावंच लागलं नाही. “यू आर वेअरिंग युनिफॉर्म?” “यू कॅन ड्राइव्ह?” “यू वर्क ॲट नाइट?” सगळी सरळ विधानं, फक्त शेवटी सूर चढवलेला. मराठीत सूर चढवला किंवा ‘का’ जोडला की भागतं, शब्द जागचे हलत नाहीत. तसं बोलताना इंग्रजीतही ‘यू आर लीव्हिंग?’ म्हणतात, पण तेव्हा विचारणाऱ्याला बहुधा आश्चर्य वाटलेलं असतं किंवा खात्री करून घ्यायची असते. नुसती माहिती हवी असेल तर सहाय्यक क्रियापद उचलून कर्त्याच्या आधी ठेवावं लागतं.

‘आर यू’ आणि ‘कॅन यू’ लगेच जमलं. गाडी अडली ती तिसऱ्या वाक्यावर. ‘यू वर्क’मध्ये उचलायचं काय? एकानं “आर यू वर्क ॲट नाइट?” करून पाहिलं. हे फार जणांचं होतं: ‘आर’ तोंडात बसलेला असतो, तो कुठेही चिकटवला जातो. मागच्या बाकावरचे काका म्हणाले, “सरळ ‘वर्क यू’ म्हणा की! का चालत नाही?”

“काका, चारशे वर्षांपूर्वी चाललं असतं,” मी म्हटलं. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात ‘लव्हेस्ट दाऊ मी?’ म्हणजे ‘तू माझ्यावर प्रेम करतोस का?’ असा प्रश्न आहे, त्यात ‘डू’ नाही. तेव्हा दोन्ही रचना चालत. पुढे मुख्य क्रियापदांनी ही उडी मारणं सोडलं आणि ते काम ‘डू’कडे आलं. काका खूश झाले, पण ‘डू’ आणायचा कुठून हा प्रश्न तसाच राहिला.

तेवढ्यात एरवी फारशा न बोलणाऱ्या एक ताई म्हणाल्या, “मॅडम, ‘आय डोन्ट वर्क’ म्हणतोच ना आपण? नकार दिला की ‘डू’ दिसतो. तोच पुढे न्यायचा.”

मी खेळ बाजूला ठेवला आणि खडू त्यांच्या हातात दिला. ‘शी वर्क्स’, मग ‘शी डझन्ट वर्क’, मग ‘डझ शी वर्क?’ पुढे ‘दे वेन्ट’ आलं आणि कुणीतरी ठामपणे ‘दे डिडन्ट वेन्ट’ सांगितलं. म्हणजे ताईंची युक्ती वापरायची तर आधी नकार तरी शुद्ध हवा. काळ वाक्यात एकदाच दाखवायचा असतो. तो भार ‘डिड’नं उचलला की मागचं क्रियापद मूळ रूपात येतं: ‘डिडन्ट गो’, ‘डिड दे गो?’ ‘डझ’चंही तसंच. ‘वर्क्स’मधला ‘एस’ ‘डझ’मध्ये गेला, आता ‘वर्क’ला तो पुन्हा लावायचा नाही.

खरी मजा ‘हॅव’ला आली. ‘शी हॅज फिनिश्ड’ आणि ‘शी हॅज अ कार’ ही वाक्यं वरून सारखीच दिसतात. नकार काढला तर एकाचं ‘हॅजन्ट फिनिश्ड’ होतं, दुसऱ्याचं ‘डझन्ट हॅव अ कार’. म्हणून प्रश्न ‘हॅज शी फिनिश्ड?’ पण ‘डझ शी हॅव अ कार?’ जुन्या ब्रिटिश वळणाचं ‘हॅव यू अ पेन?’ कधीमधी कानावर येईल, पण शिकणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये, असं माझं मत. हा फरक समजवायला मी एरवी मुख्य आणि सहाय्यक क्रियापदाच्या व्याख्या सांगते. नकाराची कसोटी त्यांच्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत आहे.

दुसरी फेरी झपाट्यानं झाली. “डू यू वर्क ॲट नाइट?” “येस, आय डू.” “डू यू ट्रॅव्हल?” “येस, आय डू.” “कॅन यू फ्लाय अ प्लेन?” “येस, आय कॅन.” पायलट! छोट्या उत्तरात प्रश्नातलंच सहाय्यक क्रियापद परत येतं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

वेळ संपत आली तेव्हा त्याच ताई म्हणाल्या, “मग ‘हू टोल्ड यू?’मध्ये ‘डिड’ का नाही?” मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: ‘हू टोल्ड यू?’ आणि ‘हू डिड यू टेल?’ पहिल्यात ‘हू’ हाच कर्ता आहे आणि तो आधीच पुढे बसलेला, त्यामुळे काही हलवायचं नाही. दुसऱ्यात कर्ता ‘यू’, म्हणून ‘डिड’ लागतो. काकांना ते पटेना. कोणी कोणाला सांगितलं, यावर त्यांचा आणि ताईंचा वाद जिना उतरतानाही चालू होता.