मालवणच्या चिखलातला एकुलता एक नर

आजचा संपूर्ण दिवस कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत, मालवणच्या किनाऱ्यावरून आणलेल्या चिखलातील सूत्रकृमी पाहण्यात गेला. जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा हा मुक्तजीवी, म्हणजे परजीवी नसलेला, प्राणी पापणीचा केस चिकटवलेल्या सुईने अलगद उचलून ग्लिसरीनच्या थेंबात ठेवणे हेच मुळात जिकिरीचे काम आहे. तेल लावून सूक्ष्मदर्शकाच्या शंभरपट भिंगाखाली त्याचे डोके स्थिर केले, तेव्हा त्याच्या बाजूला शंखाच्या वेढ्यांसारखी अत्यंत नाजूक नक्षी दिसली आणि मी काही क्षण श्वास रोखून पाहतच राहिलो. तेच त्याचे अँफिड, म्हणजे पाण्यातील रसायने ओळखणारे ज्ञानेंद्रिय.

अँफिडचे वेढे आणि गदेसारखे शेपटीचे टोक यांवरून ती सबातिएरिया प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, असावी, इथपर्यंत आलो. दे मान या डच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी गुणोत्तरे, म्हणजे शरीराच्या लांबीला अनुक्रमे कमाल रुंदीने, ग्रसनीच्या लांबीने आणि शेपटीच्या लांबीने भागून येणारे आकडे, तीन वेळा काढले. स्पिक्यूलची, म्हणजे नराच्या समागमासाठीच्या वक्र काट्यांची लांबी मात्र मला माहीत असलेल्या कोणत्याही जातीच्या वर्णनाशी जुळेना.

जाती नवी असेलही. परंतु हाती नर एकच आहे, आणि एकाच नमुन्यावरून नवे नाव जाहीर करणे म्हणजे पुढच्या अभ्यासकाच्या गळ्यात घोंगडे अडकवणे, असे माझे ठाम मत आहे. येत्या अमावास्येच्या ओहोटीला फोंडा घाटातून पुन्हा मालवणला जाऊन त्याच जागेचा चिखल आणणार आहे.