आईचं मुलुंडचं घर विकताना

आईचं घर मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडजवळ. चौथा मजला, वरती गच्ची, बिल्डिंगला लिफ्ट नाही. गुडघे जिने चढू देईनात तेव्हा आई ठाण्याला माझ्याकडे आली आणि घर विकायचं ठरलं.

ब्रोकर पहिल्याच भेटीत म्हणाला, "ताई, स्टेजिंग करून घ्या. लोक टॉवरमधले सॅम्पल फ्लॅट बघून येतात. हे असं दाखवलं तर दारातूनच परततील." विकण्यापुरतं घर भाड्याच्या सामानाने सजवून देणाऱ्या एका बाईंना त्याने पाठवलं. भाड्याचा सोफा, पलंग, पडदे, दिवे, एका भिंतीला टेक्श्चर पेंट, दोन महिन्यांचे नव्वद हजार. दादा फोनवर म्हणाला, "करून टाक, भावात वसूल होतील."

मला दोन रात्री झोप लागली नाही. ब्रोकरचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. घर कोंदट दिसत होतं, हे मलाही दिसत होतं.

मग मी घेणाऱ्याच्या बाजूने हिशेब मांडला. आमच्या घराच्या किमतीचं घर घेणारा कर्ज काढणारच. ७५ लाखांवरच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते. शिवाय मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी, ती खिशातून. इतकी ओढाताण करून येणारा माणूस ओल बघणार, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारणार. बँकेचा व्हॅल्युअर क्षेत्रफळ, बिल्डिंगचं वय आणि आसपासचे व्यवहार बघतो. सोफ्याचा एक रुपयाही तो धरत नाही.

तरी माझं मन खरं फिरलं ते पलंगामुळे. त्या बाई दीड माणसांचा पलंग ठेवणार होत्या, म्हणजे खोली मोठी वाटेल. परळच्या चाळीतून इथे येताना बाबांनी टेपने दोनदा मोजलं होतं, कपाटाचं दार उघडल्यावर पलंगाला लागतं का ते. मुंबईत घर असंच घेतात. उद्या कुणी आपला सहा बाय सहाचा पलंग घेऊन येईल आणि त्याच्या कपाटाचं दार उघडणार नाही. हे माझ्या हातून व्हायला नको होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आपलं घर आहे तसं दाखव. स्वच्छ मात्र चकचकीत कर."

तेच केलं. बेडरूममधलं गोदरेजचं कपाट खिडकीचा अर्धा भाग अडवून उभं होतं. बाबांनीच ठेवलेलं, म्हणून कुणी हलवलं नव्हतं. चार हमालांनी ते जिन्यावरून उतरवलं आणि दुपारचं ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत आलं. मी तिथेच बसून रडले. इतकी वर्षं आई त्या अंधारात झोपली होती. माळ्यावरचं सामान काढलं, पांढरा रंग दिला, ओट्याखालचा गळका पाइप बदलला. सगळं मिळून बेचाळीस हजार.

एक चूक झाली. उत्साहात आम्ही आईचा पलंगही हलवला आणि घर पूर्ण रिकामं केलं. पहिलं जोडपं आलं, बेडरूमच्या दारात थबकलं. "इथे डबल बेड बसेल?" रिकामी खोली डोळ्याला लहान दिसते, कारण मापाला काही उरत नाही. दुसऱ्याच दिवशी पलंग परत आणून होता त्या जागी लावला. तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

राहिली हॉलमधली छताजवळची ओल. सोसायटीने मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. तो खर्च सोसायटीचाच. पण जुना डाग तसाच होता. रंगारी म्हणाला, पुट्टी मारून देतो, कळणारही नाही. मी तेवढा भाग रंगवू दिला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला डाग दाखवला, सोसायटीचं कामाचं पत्र दाखवलं आणि सांगितलं, "पाऊस जोरात असेल त्या दिवशी परत या."

दोघंतिघं डाग बघूनच निघून गेले. ब्रोकर रागावला. तेव्हा मलाही धास्ती वाटली, हे कबूल करते.

जुलैत एका धुवाधार दिवशी भांडुपचं एक जोडपं, सोबत नवऱ्याची आई, रेनकोट निथळत वर आलं. त्या काकूंनी स्टुलावर चढून डागावर तळहात टेकवला, बराच वेळ. मग खाली उतरून म्हणाल्या, "कोरडं आहे." त्यांच्या मुलाने टेप काढून खिडकीची भिंत मोजली. भावावर दोन बैठका झाल्या, आम्ही थोडं सोडलं आणि पितृपक्षाच्या आत करारनामा नोंदवला.

किल्ली देताना त्या काकूंच्या सुनेने आईला विचारलं, "आजी, पलंग इथेच ठेवाल का? जागेवर बरोबर बसलाय." आई हो म्हणाली.