तुम्ही विचारलेत म्हणून : इतके सगळे सुचते कुठून?

शाळांमधील कार्यक्रमांत, ग्रंथालयांच्या व्याख्यानमालांत आणि वाचकांच्या पत्रांत मला एक प्रश्न हटकून विचारला जातो : कथा, कादंबऱ्या, श्रुतिका, मुलांची पुस्तके असे इतके सगळे तुम्ही लिहिता, ते सुचते कुठून, आणि मुळात लेखनाकडे वळलात कशा? विचारणाऱ्याची बहुधा अशी अपेक्षा असते की मी एखाद्या भारावलेल्या क्षणाबद्दल सांगेन. तसा क्षण माझ्या वाट्याला आलेला नाही. माझे बहुतेक लेखन कोणीतरी मागितले म्हणून झाले आहे, आणि त्यातला ऐवज इतरांनी जपून ठेवलेल्या कागदांतून व इतरांच्या बोलण्यातून आला आहे. सभेत हे उत्तर दोन वाक्यांत दिले की श्रोत्यांना ते अपुरे वाटते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माझे बालपण वाईत गेले. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा हे सगळे रोजच्या पाहण्यातले असल्यामुळे त्याचे त्या वयात विशेष वाटत नसे. मनावर ठसा उमटला तो विश्वकोशाच्या कामाचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईत चालत असे आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. गावातली काही माणसे सकाळी जेवण करून लिहायला जातात, संध्याकाळी परत येतात, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचे अर्धे राहिलेले पान पुढे नेतात, हे मी शाळकरी वयात पाहत होते. नोंद किती शब्दांची असावी हे ठरलेले असे, ती दुसऱ्या कोणाच्या तरी तपासणीतून जात असे, आणि ती अमुक खंडासाठी हवी असल्यामुळे तिला मुदत असे. लेखन हे असे वेळेवर, मापात आणि कोणाच्या तरी उपयोगासाठी करायचे काम आहे ही समजूत तेव्हा रुजली ती आजवर टिकली आहे. पुढे साहित्यिकांच्या चरित्रांत अनावर ऊर्मीची वर्णने वाचली आणि ती खरीही असतील, पण माझ्या डोळ्यांसमोर लेखकाचे चित्र येते ते टेबलाशी बसून नोंद पुरी करणाऱ्या माणसाचेच.

स्वतः लिहायला लागले ती शिक्षिका झाल्यावर. स्नेहसंमेलनासाठी नाटिका हवी होती आणि बाजारात मिळणाऱ्या नाटिकांत पात्रे पाच-सहा, तर काम हवे असलेली मुले त्याहून कितीतरी अधिक. प्रत्येकाला निदान एक वाक्य मिळेल अशी नाटिका लिहून द्या, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. बाजाराचा दिवस, एसटीचा थांबा, ग्रामपंचायतीची सभा असे गर्दीचे प्रसंग मी त्यामुळे शोधू लागले, आणि गर्दीतल्या प्रत्येक माणसाला त्याचे स्वतःचे काहीतरी काम असते, तो केवळ नायकाच्या मागे उभा राहण्यासाठी आलेला नसतो, हे मला लिहिता लिहिता कळले. माझ्या कादंबऱ्यांत पात्रे फार असतात असे परीक्षणांत म्हटले जाते. त्याचे मूळ तेथे आहे.

त्यानंतर आकाशवाणीच्या पुणे केंद्रासाठी श्रुतिका लिहिण्याची संधी मिळाली, आणि मला लिहायला खऱ्या अर्थाने कोणी शिकवले असेल तर ते रेडिओने. श्रुतिकेत काहीच दिसत नाही. पात्र आत आले हे दाराच्या आवाजावरून, चपलांवरून किंवा कोणी हाक मारल्यावरच कळणार. तीन बायका एकाच वयाच्या आणि एकाच घरातल्या असतील तर श्रोत्याने त्या ओळखायच्या त्यांच्या बोलण्याच्या लकबीवरून, म्हणून प्रत्येकीचे बोलणे वेगळे घडवावे लागते. शिवाय वेळेची मर्यादा काटेकोर असते. निर्माते घड्याळ लावून वाचन ऐकत, आणि जास्त झालेले मिनिट कोठून काढायचे ते आपले आपण ठरवायचे. मी कथा पुरी झाल्यावर ती आजही मोठ्याने वाचते, आणि जेथे वाचताना दम लागतो किंवा कोण बोलत आहे हे कळत नाही, ते वाक्य बदलते.

त्याच केंद्राच्या एका जुन्या कामगिरीकडे मी नेहमी बोट दाखवते. सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांनी दर आठवड्याला एक गीत लिहायचे, सुधीर फडक्यांनी त्याला चाल लावायची, आणि ठरल्या दिवशी ते प्रसारित व्हायचे, असा तो क्रम पुढच्या रामनवमीपर्यंत चालला. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या छप्पन्न झाली. ती गीते आज घरोघरी पाठ आहेत, आणि ती ऐकताना कोणाच्या मनात येत नाही की यांतले प्रत्येक गीत मुदतीत लिहिलेले आहे. गदिमांची प्रतिभा मोठी होतीच, त्याविषयी मी काही बोलण्याची गरज नाही. परंतु वर्षभर श्रोते पुढच्या गीताची वाट पाहत होते, आणि त्या वाट पाहण्याचाही त्या निर्मितीत वाटा आहे, असे मला मनापासून वाटते.

हरिभाऊ आपटे यांच्याबाबतही तेच. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्याची पाने भरण्याची जबाबदारी मुख्यतः स्वतःच्या शिरावर घेतली. आनंदाश्रमाची व्यवस्था आणि पुण्याच्या नगरपालिकेची कामे सांभाळून ते कादंबऱ्यांची प्रकरणे लिहीत होते. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी वाचकांनी आधी अशीच तुकड्यातुकड्यांनी वाचली आणि मग ती पुस्तकरूपाने आली. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या हे खरे आहे, आणि घाईत लिहिल्याच्या खुणाही त्यांत सापडतात. तरीही ‘पण लक्षात कोण घेतो’ची नायिका यमू हिच्या तोंडून आलेली ती आत्मकथा माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्याचे शिखर आहे, आणि ते शिखर एका साप्ताहिकाच्या गरजेतून उभे राहिले.

दिवाळी अंकांची परंपराही लेखकाला असेच कामाला लावते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेथून ती सुरू झाली. उन्हाळा संपता संपता संपादकांची पत्रे आणि फोन येऊ लागतात, पावसाळ्यात कथा द्यायची असते, आणि गणपतीच्या सुमारास मुद्रिते तपासायला येतात. माझे वर्ष या चक्रावर बांधलेले आहे. काही मित्रांना हा जाच वाटतो, आणि विषय देऊन कथा मागवणे तर त्यांना लेखकाचा अपमान वाटतो. मला तसे कधी वाटले नाही, कारण दिलेला विषय मला अशा ठिकाणी नेतो जेथे मी आपण होऊन गेले नसते.

याचे एक उदाहरण देते. एका संपादकांनी ‘जमिनीखाली’ एवढाच विषय दिला होता. विचार करताना मला सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आठवली. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाजवळच्या या गावी जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यांत हळद साठवत असत. तोंड बंद केले की आत हवा जात नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. मी तेथे गेले, जुन्या माणसांशी बोलले, आणि त्यांनी सांगितले की पेव उघडल्यावर आतली हवा बदलेपर्यंत कोणीही खाली उतरत नाही, कारण घाईने उतरलेला माणूस गुदमरतो. २००५ च्या महापुरात पाणी शिरून अनेक पेवे निकामी झाली, हेही त्यांच्याकडूनच ऐकले. कोणाची हळद कोणत्या पेवात आहे याचा हिशेब ठेवणारा एक दिवाणजी, आणि पुरानंतर त्याच्या वहीत उरलेली नावे, एवढ्यावर माझी कथा उभी राहिली. दिवाणजी मी कल्पिलेला आहे. पेव, पूर आणि उतरण्याआधी थांबण्याची ती रीत खरी आहे, आणि ती खरी असल्यामुळेच दिवाणजी उभा राहू शकला.

आता कागदांविषयी. माझ्या टेबलावर कायम असणाऱ्या पुस्तकांत सातारा जिल्ह्याचे जुने गॅझेटियर आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १८८५ सालचा खंड. कोणत्या घाटातून कोणता माल उतरत असे, कोणत्या गावी कोणत्या वारी बाजार भरे, यात्रेला किती माणसे जमत, हे सगळे त्यात सरकारी कोरडेपणाने नोंदवलेले आहे. तो कोरडेपणा मला प्रिय आहे. सजवून लिहिलेल्या पुस्तकात लेखकाने आधीच ठरवलेले असते की मी कोठे हेलावून जावे. गॅझेटियरमध्ये बाजाराचा वार सापडतो आणि त्या बाजाराला निघालेली बाई माझी मला शोधावी लागते.

पुढे मी मोडी लिपी शिकले, आणि माझ्या लेखनात त्याने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशाने पडला नाही. मोडीत ओळीभर आधी शिरोरेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली शब्द न तोडता अक्षरे जोडत जातात, त्यामुळे वाचणाऱ्याला अर्थ धरून धरूनच पुढे सरकावे लागते. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे कागद अफाट संख्येने आहेत, आणि गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. मोहिमा आणि तह यांच्यासाठी अभ्यासक ते वाचतात. मला ओढ असते ती महजरांची, म्हणजे वतनाच्या हक्कांवरून झालेल्या वादांच्या निवाडापत्रांची. पाटीलकी कोणाची, कुलकर्ण्याचे वतन थोरल्या घराकडे की धाकट्या, यावर गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची व भाऊबंदांची न्यायसभा, बसे, साक्षी होत, आणि निवाड्याच्या कागदावर उपस्थितांच्या निशाण्या येत. पाटलाचा नांगर, सुताराचे वाकस, न्हाव्याचा आरसा, अशी ज्याच्या त्याच्या कामाची खूण नावाशी काढलेली असे. लिहिता न येणारी ही माणसे आपल्या हत्याराच्या चित्राने कागदावर उभी आहेत, आणि भावकीच्या त्या भांडणात कोण कोणाच्या बाजूने बोलले हे दोनअडीचशे वर्षांनंतर आपल्याला वाचता येते. माझ्या दोन कादंबऱ्यांचा आरंभ अशा कागदांत आहे. साक्ष देताना माणूस जे सांगतो आणि जे गाळतो, त्यातच त्याचा स्वभाव आणि त्याची अडचण उघड होते, त्यामुळे कथानक वेगळे रचावे लागले नाही.

रोजच्या लेखनाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. पहाटे बसते, दुपारी वाचन आणि टिपणे, संध्याकाळी लिहीत नाही. मुलांसाठीचे लेखन मात्र पहाटेच्या सर्वांत ताज्या वेळेत करते, कारण मुले कंटाळली तर पुस्तक मिटतात आणि कारणही सांगत नाहीत. या बाबतीत माझ्यापुढे भा. रा. भागवत यांचा आदर्श आहे. त्यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या, फास्टर फेणे घडवला, ‘बालमित्र’ मासिक चालवले, आणि इतके लिहूनही त्यांच्या वाक्यातला खेळकरपणा शिळा झाला नाही.

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, जो सौजन्यापोटी उघड विचारला जात नाही : इतके लिहिल्यावर ते पातळ होत नाही का? होऊ शकते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांतली प्रत्येक सारख्या ताकदीची आहे असे त्यांचे चाहतेही म्हणणार नाहीत. परंतु झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांसाठी वाचनालयांत रांगा लागत होत्या, आणि त्या रांगांत उभे राहून कित्येक घरांतल्या माणसांना वाचनाची सवय लागली. आपल्याकडे विपुल लिहिणाऱ्याकडे जरा संशयाने पाहिले जाते आणि आयुष्यात एकच पुस्तक लिहिणाऱ्याभोवती वलय तयार होते. मला हा निकष अन्यायाचा वाटतो. एका पुस्तकाचे मोल त्याच पुस्तकावरून ठरवावे. त्या लेखकाच्या नावावर आणखी किती पुस्तके आहेत याचा त्याच्याशी संबंध जोडू नये.

सध्या धोम धरणावरच्या कादंबरीचे काम चालू आहे. सत्तरच्या दशकात हे धरण कृष्णेवर वाईच्या वरच्या अंगाला झाले, आणि त्यात गेलेल्या गावांतली माणसे दुसरीकडे वसवली गेली. त्यांतल्या एक आजी मला गेली काही वर्षे आपल्या गावाबद्दल सांगत आहेत. यात्रेच्या दिवशी पालखी कोणत्या दारावरून कोणत्या दाराकडे जाई, कोणाच्या ओट्यावर ती टेकवत, वाटेत भांडण झाले तर कोण मिटवी, हे सगळे त्यांना क्रमाने पाठ आहे. मी भेटले की त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘झालं का गं लिहून?’ आणि लगेच दुसरी ताकीद, की पालखीची वाट चुकवू नकोस. त्यांनी सांगितलेली वाट मी कागदावर काढली आहे. त्याच गावातल्या आणखी दोघांकडून ती तपासून घ्यायची आहे, कारण गुरवाचे घर ओढ्याच्या अलीकडे होते की पलीकडे याबद्दल त्यांचे आणि आजींचे एकमत नाही, आणि ते ठरल्याशिवाय यात्रेचे प्रकरण पुढे सरकणार नाही.