विमाननगरात भाड्याने का राहता, असे तुम्ही विचारलेत म्हणून

पुण्यात इतकी वर्षे काढूनही तुम्ही विमाननगरात भाड्याने का राहता, हा प्रश्न आम्हाला बहुधा कोथरूडचे किंवा पेठांमधले नातेवाईक विचारतात, आणि त्या एका प्रश्नाच्या पोटात त्यांचे तीन प्रश्न असतात: विमानांच्या आवाजात झोप कशी लागते, विमानतळ जवळ हवा म्हणून एवढे भाडे मोजावे इतका तुमचा प्रवास असतो का, आणि त्याच पैशात स्वतःच्या घराचा हप्ता बसला नसता का. तोंडी उत्तर देऊ लागलो की मध्येच चहा येतो आणि विषय बदलतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

विमानतळाच्या जितके जवळ राहावे तितका आवाज अधिक, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची असते. लोहगावची, म्हणजे पुणे विमानतळाची, धावपट्टी ढोबळमानाने पूर्व-पश्चिम पसरलेली आहे आणि विमाननगर तिच्या दक्षिणेला, म्हणजे तिच्या टोकाशी नसून तिच्या कडेला आहे. उतरणारी आणि उड्डाण करणारी विमाने धावपट्टीच्या दोन टोकांवरून जातात. पश्चिमेला धानोरी, कळस, विश्रांतवाडीच्या बाजूने आणि पूर्वेला वाघोलीच्या बाजूने. त्यामुळे नकाशावर विमानतळापासून आमच्यापेक्षा दूर दिसणाऱ्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरून चाके बाहेर काढलेले विमान अगदी कमी उंचीवरून जाते, आणि आमच्या खिडकीतून मात्र ते बाजूने, तिरके, पाण्याच्या टाक्यांच्या मागून वर चढताना दिसते. प्रवासी विमानाचा आवाज आम्हाला ऐकू येतो, पण त्यासाठी बोलणे थांबवावे लागत नाही. थंडीतल्या पहाटे तो अधिक जवळचा वाटतो, कारण जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असली की वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. डिसेंबरात पहाटे पाचला जाग आली, तर त्याचे कारण हे असते.

बोलणे थांबवावे लागते ते लढाऊ विमानांसाठी. लोहगावचा तळ ब्रिटिशांनी १९३९ साली उभारला, आणि आजही तो मुळात हवाई दलाचाच आहे. धावपट्टी हवाई दलाची आहे आणि विमानांची वाहतूक नियंत्रित करणारेही हवाई दलाचेच अधिकारी आहेत. प्रवाशांची इमारत त्या आवाराच्या एका बाजूला वसवलेली आहे, म्हणजे एका अर्थी पुण्याचे नागरी विमानतळ हेच तिथले भाडेकरू आहे. देशातली पहिली सुखोई-३० विमाने १९९७ साली याच तळावर हवाई दलात दाखल झाली, आणि सुखोई उड्डाण करते तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात, पलीकडे फोनवर असलेला माणूस ‘काय झाले’ असे विचारतो आणि आम्ही वीस-तीस सेकंद गप्प बसतो. घरी बसून काम करणाऱ्यांना बैठकीत स्वतःचा माइक बंद ठेवण्याची सवय इथे आपोआप लागते. या विमानांचा सराव मुख्यतः कामाच्या दिवशी चालतो, अधूनमधून रात्रीही. म्हणून इथे घर पाहायला येणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की रविवारी दुपारी येऊ नका. एजंट नेमके रविवारीच बोलावतो, आणि त्या दिवशी विमाननगर एखाद्या थंड हवेच्या ठिकाणासारखे शांत असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या डागडुजीसाठी १६ ते २९ तारखेपर्यंत विमानतळ पूर्ण बंद होता, तेव्हा नगर रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज किती मोठा आहे ते आम्हाला पहिल्यांदा कळले, आणि माझ्या मते खरा त्रास तोच आहे. विमान येते आणि जाते. फिनिक्स मॉलसमोरची संध्याकाळची कोंडी मात्र येते आणि राहते.

विमानतळ जवळ असण्याचा उपयोग लोकांना वाटतो तेवढा होत नाही. जाताना होतो, हे मान्य करतो. पहाटेच्या विमानासाठी हिंजवडीतला माणूस मध्यरात्री निघतो तेव्हा आम्ही झोपेत असतो. परत येताना मात्र चित्र उलटे असते, कारण विमानतळावरून विमाननगर हे भाडे कोणत्याच चालकाला परवडत नाही. तासभर रांगेत थांबलेल्या टॅक्सीवाल्याला पिंपरी किंवा बाणेर हवे असते, आणि ‘कुठे जायचे’ या प्रश्नाचे उत्तर ऐकून तो फेरी रद्द करतो. त्यात त्याची चूक आहे असे मला वाटत नाही. आम्ही बॅग ओढत बाहेरच्या रस्त्यापर्यंत चालत येतो आणि तिथून रिक्षा पाहतो. नवी इमारत जुलै २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून आतली गर्दी विरळ झाली आहे, पण धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपासच असल्यामुळे लांबच्या परदेशी प्रवासासाठी पुणेकराला अजूनही मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. म्हणजे अमेरिकेतल्या बहिणीकडे जाताना आम्ही, विमानतळाशेजारी राहणारी माणसे, द्रुतगती महामार्गावरून चार तासांचा प्रवास करून विमान पकडतो.

विमानतळाने आम्हाला दिले ते आकाश. तळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीला हवाई दलाचा ना-हरकत दाखला लागतो, आणि त्यामुळे खराडीत जसे उंचच उंच मनोरे उभे राहिले तसे इथे राहू शकले नाहीत. विमाननगरातल्या बऱ्याच सोसायट्या नव्वदच्या दशकातल्या किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतल्या, बेताच्या उंचीच्या आहेत, रस्त्यांच्या कडेची झाडे त्यांच्या गच्चीशी स्पर्धा करतात, आणि दुसऱ्या मजल्यावरही ऊन येते. नवी घरे फारशी वाढत नाहीत आणि मागणी वाढतच राहते, हे चढ्या भाड्याचे एक कारण. एका बाजूला खराडीची आयटी संकुले, दुसऱ्या बाजूला येरवडा आणि कल्याणीनगरची कार्यालये, आणि मध्ये सिंबायोसिसचे विधी आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी, हे दुसरे. जून-जुलैत विद्यार्थी घर शोधायला लागले की एजंटांच्या बोलण्यातला विनय कमी होतो. आमच्या दोन बेडरूमच्या घराचे भाडे ४० हजारांच्या पुढे आहे आणि त्याच पैशात वाघोलीत याहून मोठे, नवे, जलतरण तलावासकट घर मिळेल, हे आम्हाला ठाऊक आहे.

तरी आम्ही इथे राहतो त्याचे मुख्य कारण असे की इथे भाडेकरू असणे ही सांगण्याची गोष्ट नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षे आम्ही शहराच्या एका जुन्या भागात भाड्याने राहिलो. तिथली माणसे वाईट नव्हती, पण जिन्यात भेटणारा प्रत्येक जण ‘किती दिवस आहात’ असे विचारायचा, गणपतीच्या वर्गणीची पावती घरमालकाच्या नावाने फाडली जायची, आणि पाण्याची वेळ बदलली की ती आम्हाला शेवटी कळायची. विमाननगरात आमच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी तीन भाड्याची आहेत: हवाई दलातून निवृत्त झालेले एक पंजाबी दाम्पत्य, खराडीत नोकरी करणाऱ्या केरळच्या दोन मुली, आणि आम्ही. हा भाग वसला तोच बदलीच्या नोकऱ्यांच्या आणि बाहेरून आलेल्या माणसांच्या आधाराने, आणि त्यामुळे येणे-जाणे हे इथल्या वस्तीच्या अंगवळणी पडले आहे. इस्त्रीवाला नव्या माणसाला घर क्रमांक विचारतो, जात-गाव विचारत नाही. चंदननगर-रामवाडीकडून कामाला येणाऱ्या मावशींना घर बदलले तरी काम सुटत नाही, कारण आमच्या जागी येणाऱ्यांनाही त्या लागतातच. आमच्या मावशी या सदनिकेत आमच्या आधीपासून काम करत आहेत आणि कोणता नळ गळतो ते त्यांनीच आम्हाला दाखवले.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवण्यासारखी नाही. अविवाहित मुलांना आणि विशेषतः मुलींना काही सोसायट्यांत वेगळे नियम लावले जातात, रात्री येणाऱ्या पाहुण्यांची नावे फाटकावर लिहून घेतली जातात, आणि त्याच सोसायटीतल्या मालकांच्या पाहुण्यांना ती वही दाखवली जात नाही. कुटुंब म्हणून आम्हाला जे सहज मिळते ते शेजारच्या मुलींना मागावे लागते. पेठेपेक्षा हा भाग मोकळा आहे, एवढेच मी म्हणतो; पुरेसा मोकळा आहे असे म्हणत नाही.

घरमालक इथे राहत नाही, हेही या भागाचे वैशिष्ट्य. अनेकांचे मालक आखातात, सिंगापुरात किंवा अमेरिकेत असतात आणि भाडेकरारावर अंगठा द्यायला कुलमुखत्यारपत्र घेतलेला मेहुणा किंवा काका येतो. यामुळे रोजची लुडबुड वाचते, पण भाडेकरूवर एक अशी जबाबदारी येते जी एजंट सहसा सांगत नाही: मालक करदृष्ट्या अनिवासी असेल, तर भाडे कितीही असो, त्यातून सुमारे ३० टक्के आणि वर उपकर एवढी करकपात करून ती सरकारजमा करणे हे भाडे भरणाऱ्याचे काम आहे, आणि त्यासाठी त्याला करकपातीचा वेगळा क्रमांकही (टॅन) काढावा लागतो. घर ठरवण्याआधी मालक कुठे राहतो हे विचारावे ते यासाठी. करार मात्र नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लेखी करार करून त्याची नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदणी झालेली नसेल तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तरीही ‘नुसत्या नोटरीवर भागवू’ असे म्हणणारे भेटतात. पाण्याचेही आधी विचारून घ्यावे. भामा आसखेड धरणाचे पाणी २०२१ च्या जानेवारीत पूर्व पुण्याकडे वळल्यापासून परिस्थिती सुधारली, पण उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या सोसायट्या आजही आहेत, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की भाडेकरूकडून वेगळा घेतात, हे करारात लिहिलेले असावे.

आता हप्त्याचे. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात आमच्याविषयी आपुलकी असते, म्हणून त्याचे उत्तर मी आकड्यांत देतो. आमच्या सदनिकेची आजची किंमत धरली तर वर्षाचे भाडे तिच्या तीन-चार टक्क्यांच्या आसपास येते. गृहकर्जाचे व्याज याच्या दुपटीहून फार कमी नसते. म्हणजे हेच घर विकत घेतले तर महिन्याला आजच्या भाड्याच्या दुपटीहून अधिक हप्ता भरावा लागेल, आणि आजच्या भाड्याइतका हप्ता बसेल असे घर घ्यायचे तर ते वाघोलीच्याही पलीकडे मिळेल. स्वतःचे घर हवे या भावनेला माझा विरोध नाही. साताऱ्याला वडिलांचे घर आहे आणि म्हातारपणी तिथे जायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. मधल्या वर्षांसाठी वीस वर्षांचे कर्ज काढून रोज दोन तास नगर रस्त्यावर घालवावेत असे आम्हाला वाटत नाही. मार्च २०२४ पासून मेट्रो वनाजवरून थेट रामवाडीपर्यंत येते, आणि पुढे वाघोलीपर्यंतच्या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली आहे. तो मार्ग प्रत्यक्ष सुरू झाला तर आमचे हे गणित बदलू शकते, आणि तेव्हा आम्ही ते नव्याने मांडू. तोवर घरमालकाने घर विकायला काढलेच, तर दत्त मंदिर चौकाच्या आसपासच दुसरे शोधू, कारण मुलाची शाळा तिथून चालत दहा मिनिटांवर आहे.