बारा स्लीपर

आमच्या गटाला बारा स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे, बदलायचे होते. बारा स्लीपर, नऊ मुलं, तीन दिवस. उरलेल्या दोन दिवसांत रुळाकडेची गटारं साफ करायची आणि कुंपणाचे खांब रोवायचे.

वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेवर चौदा वर्षांपुढच्या मुलांसाठी असा राहून काम करायचा आठवडा असतो. माझी पंधरा वर्षांची लेक जाणार होती. मी एरवीही तिथे स्वयंसेवक म्हणून रुळाचं काम करायला जातो, म्हणून या वेळी मोठ्यांपैकी एक म्हणून तिच्यासोबत गेलो. मिनफॉर्धला स्वयंसेवकांच्या वसतिगृहात मुक्काम. पहिल्याच रात्री पाऊस लागला आणि गुरुवारपर्यंत थांबून थांबून पडतच राहिला.

ही रेल्वे १८३६ सालची. ब्लायनायच्या डोंगरातला पाटीचा दगड (स्लेट) पोर्थमॅडॉगच्या बंदरात उतरवण्यासाठी बांधलेली. जवळजवळ सगळा मार्ग उताराचा. त्यामुळे भरलेल्या वाघिणी इंजिनाशिवाय, नुसत्या उतारावर सुटायच्या आणि ब्रेकवाले त्यांना आवरायचे. रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून न्यायचे, आणि उतरताना तेच घोडे एका खास वाघिणीत उभे राहून गाडीबरोबर खाली यायचे! वाफेची इंजिनं आली ती १८६३ मध्ये. रुळांमधलं अंतर दोन फुटांहून जरासं कमी, लांबी साडेतेरा मैल, म्हणजे एकवीस-बावीस किलोमीटर. आमची नेरळ-माथेरानची गाडीही जवळपास तेवढीच लांब आणि तेवढ्याच अरुंद रुळांवरून जाते. मी कर्जतचा, त्यामुळे हा हिशोब मनात आपोआप होतो.

काम दोन गाड्यांच्या मधल्या वेळात चालायचं. जुन्या स्लीपरभोवतीची खडी उकरायची, बोल्ट सोडवायचे, स्लीपर बाजूला ओढून काढायचा, नवा सरकवायचा. मग जॅकने रूळ किंचित उचलायचा, खाली खडी सारायची आणि ठासायची. भोंगा वाजला की सगळ्यांनी हत्यारं घेऊन बाहेर व्हायचं, गाडी जाईपर्यंत हलायचं नाही.

आमच्या गटाची प्रमुख एकोणीस वर्षांची मुलगी होती. ती स्वतः चौदाव्या वर्षी याच आठवड्याला पहिल्यांदा आली होती. दुसऱ्या दिवशी एका मुलाला गंजलेला बोल्ट सुटेना. दहा मिनिटं तो झगडत होता. मी पुढे होऊन त्याच्या हातातला पाना घ्यायला लागलो, तर तिने मला नावाने हाक मारली आणि म्हणाली, "थांब, त्याला करू दे." मला तेव्हा ते लागलं. गाडीला अजून अवकाश होता, घाई माझीच होती. बोल्ट सुटला तेव्हा तो मुलगा काही बोलला नाही, फक्त पुढच्या बोल्टकडे सरकला.

बुधवारी आम्हाला वर धिआल्टला नेलं. ही जागा मला फार जवळची आहे. रेल्वे १९४६ मध्ये बंद पडली, पंचावन्नपासून हौशी लोकांनी ती टप्प्याटप्प्याने सुरू केली, पण तोवर वीज प्रकल्पाच्या जलाशयासाठी वरचा मार्ग पाण्याखाली जाणार हे ठरलं होतं. तेव्हा स्वयंसेवकांनी १९६५ पासून नवा मार्ग खणायला घेतला. जलाशयापेक्षा वर चढायचं म्हणून धिआल्टला रूळ गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जातो. टॅनग्रिशा स्टेशनला गाडी पोचायला १९७८ उजाडलं, ब्लायनायला १९८२. त्यातले कितीतरी जण सुट्टीत येणारे विद्यार्थी होते. लेक त्या भरावावर बराच वेळ उभी होती. मग विचारलं, "बाबा, एवढी सगळी माती फावड्याने?" सगळी नाही, पण फावडी पुष्कळ चालली, असं मी सांगितलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकाची पाळी माझी होती. मोठ्या पातेल्यात मसालेभात केला. पातेलं खरवडून संपलं.

कर्जतला माझे काका रेल्वेच्या गँगचे मुकादम होते. ते काठीने स्लीपर ठोकत चालायचे आणि आवाजावरून सांगायचे, याच्याखाली पोकळ आहे. गुरुवारी मी मुलांना ते करून दाखवलं. आमच्या बारापैकी चौथा आणि नववा बद्द वाजले. कोणी सांगायच्या आधीच मुलांनी जॅक आणला आणि ते दोन्ही पुन्हा ठासले.

शुक्रवारी दुपारी शेवटचं साहित्य आवरून आम्ही कुंपणापलीकडे उभे राहिलो. ऊन पडलं होतं. वळणावरून दोन तोंडांचं ते फेअर्ली इंजिन आलं, डब्यांच्या खिडक्यांतून प्रवासी हात हलवत होते, फोटो काढत होते. आमची नऊही मुलं खाली वाकून स्लीपरकडे बघत होती. चाकं चौथ्यावरून गेली, मग नवव्यावरून. काहीच हललं नाही.

"बसलाय," लेक म्हणाली.