शिवारात माणूस का नाही, हे तुम्ही विचारलेत म्हणून

प्रत्येक प्रदर्शनात कोणीतरी चष्मा कपाळावर सरकवून माझे एखादे एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर (प्लेटवर) रेषा कोरून कागदावर छापलेले चित्र, जवळून न्याहाळते आणि मागे वळून विचारते, "एवढी नांगरट, एवढे बांध, एवढी झाडे, माणूस कुठे गेला?" या प्रश्नाला मी इतकी वर्षे जी उत्तरे देत आले, त्यांतले एकही खोटे नव्हते आणि एकही पुरते खरे नव्हते, म्हणून एकदाचे लिहून टाकते.

माझे ठेवणीतले उत्तर असे: नांगराचे तास ही माणसानेच ओढलेली रेघ आहे, मेणाचा थर दिलेल्या तांब्यावर सुईने तीच रेघ मी पुन्हा ओढते, तेव्हा माणूस चित्रात आलेलाच असतो. ऐकणाऱ्यांना हे पटत असे, मलाही पटत असे. दुसरे उत्तर जरा तिरसट आहे. निसर्गचित्रातला माणूस पुष्कळदा मोजपट्टीसारखा वापरला जातो. झाड किती थोर आहे ते कळावे म्हणून त्याच्या बुंध्याशी भारा घेतलेली एक बाई उभी करून द्यायची. ही चाल मला कधीच आवडली नाही, आजही आवडत नाही, आणि त्याबाबत मी माघार घेणार नाही.

मात्र एका प्लेटवर माणूस होता. ज्याच्या शेताकाठी मी महिनाभर वही घेऊन बसत असे, तोच बांधाशी उकिडवा बसून गवत कापत होता. वहीतले रेखाटन मी जसेच्या तसे तांब्यावर उतरवले. छापताना डावे-उजवे उलटते हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात, पण निसर्गदृश्यात मी त्याची फिकीर करत नसे. डावीकडचे झाड उजवीकडे गेले तर झाडाचे काय बिघडते? सुईने मेण खरवडलेल्या जागी तांबे खाणाऱ्या फेरिक क्लोराईडच्या द्रावणात प्लेट टप्प्याटप्प्याने बुडवली. दूरचा डोंगर आधी द्रावण अडवणाऱ्या वॉर्निशने झाकला, मधली शेते त्यानंतर, आणि पुढचा बांध व तो माणूस सर्वांत जास्त वेळ द्रावणात राहू दिले, म्हणजे त्यांच्या रेषा खोल जातील आणि शाई भरपूर धरतील. प्रूफ, म्हणजे चाचणीचा ठसा, सुरेख आले.

तोवर तो माणूस वारला होता. प्रूफ घेऊन मी त्याच्या पत्नीकडे गेले, मनात थोडी शाबासकीची अपेक्षा धरून, हेही कबूल करते. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "बांध आमचाच आहे. पण हे ते नव्हेत. ते डावरे होते." (बांधही उलटाच छापला गेला होता, तो त्यांनी ओळखला.) मग विळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "जन्मभर धार उलट्या बाजूने लावून घ्यावी लागली त्यांना." मी छपाईची रीत समजावू लागले. त्यांनी निमूटपणे ऐकले आणि माझे बोलणे संपायच्या आतच कागद माझ्या हातात परत दिला.

घरी आले ती तांबे खरवडायचा स्क्रेपर घेऊनच बसले. बेत साधा होता: ती जागा गुळगुळीत करायची, पुन्हा मेण द्यायचे आणि या वेळी विळा उजव्या हातात काढायचा, म्हणजे ठशात तो डाव्या हातात जाईल. तीनधारी स्क्रेपरखाली तांब्याचे केसासारखे कीस निघत राहिले, मग तेल लावून तांबे घोटायच्या बर्निशरने घासणे आले. रेषा मीच खोल नेल्या होत्या. त्या जाईपर्यंत तिथे बशीसारखा खळगा पडला. प्लेट पालथी घालून हातोडीने ठोकली, तरी तो पुरता भरून आला नाही. त्यावर काढलेला दुसरा माणूस डावरा होता खरा, पण उसन्या हाताने विळा धरल्यासारखा अवघडलेला होता, कारण मी त्याला पाहून काढलेच नव्हते. मग तोही खरवडला. बांधाजवळचा जो फिकट करडा पट्टा तुम्ही पहाटेचे धुके म्हणून वाखाणता, ती त्या खळग्यात कितीही पुसले तरी उरणारी शाई आहे.

स्वतःच्या समाधानासाठी मी सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटचा दाखला देत असे. त्याच्याआधीच्या हर्क्युलीस सेगर्स या डच कलाकाराची एक जुनी प्लेट त्याच्या हाती आली, तेव्हा 1653 च्या सुमारास त्याने तिच्यातले बायबलच्या कथेतले टोबायस आणि देवदूत घासून काढले आणि त्या जागी दुसरीच माणसे बसवली. देवदूताच्या पंखाच्या खुणा झाडीत अजून दिसतात. पण त्याने माणसांच्या जागी माणसेच आणली होती, हे मी सोयीस्करपणे सांगत नसे.

खरे शल्य निराळेच आहे. ताज्या ठशावर दुसरा ओलसर कागद ठेवून तो प्रेसमधून काढला की शाई त्यावर उतरते आणि चित्र, फिकट का होईना, पुन्हा सुलटे होते. प्लेटवरच्या दुरुस्त्या ताडून पाहण्यासाठी मी स्वतः ही युक्ती कितीदा वापरली आहे. तांबे खरवडण्याआधी असा एकच कागद काढला असता, तर बांध बांधाच्या जागी आणि विळा डाव्या हातात आला असता. त्या दिवशी मला ते सुचले नाही. सुचले नाही याचे कारण, मला त्या बाईंना चित्र द्यायचे नव्हते, स्वतःची प्लेट निर्दोष करायची होती, असे मी आज म्हणते. तेव्हाची मी यावर भांडेल: चूक तांब्यात होती, ती तांब्यातच सुधारायला हवी होती, एक फिकट कागद हातावर ठेवून मोकळे होणे ही पळवाट झाली असती. तिच्याही म्हणण्यात तथ्य आहे. माझ्याकडे उरलेल्या एकुलत्या प्रूफावरची शाई केव्हाच वाळली, त्यामुळे त्याचा ठसा आता उतरणार नाही. फोटो काढून उलटवता येईल, असे लोक सुचवतात. येईल. मी तो अजून काढलेला नाही.

त्यानंतर माझ्या प्लेटवर माणूस आला नाही. नांगराच्या तासाचे तत्त्वज्ञान मला पुढे सुचले. आता मी वहीसमोर आरसा ठेवून काढते, त्यामुळे छापलेले शिवार जागेवरच्या शिवाराशी जुळते. अलीकडे एका प्लेटवर बांधाच्या गवतात पडलेला नुसता विळा काढला होता. त्याची धार कोणत्या बाजूने लावलेली दाखवायची, यात तासभर गेला, आणि प्लेट द्रावणात सोडण्याआधी मी त्याच्यावर वॉर्निश फिरवले.