घाट टाळून बंगळूरला, ट्रेलरच्या केबिनमधून

पुण्याहून बंगळूर म्हटलं की कुणीही साताऱ्याचाच रस्ता सांगतो. मोबाईलचा नकाशाही तोच दाखवतो, आणि कारने जाणाऱ्याला तोच बरा. पण आमचं पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापायचं अवजड मशीन, भोसरीहून बंगळूरच्या पीण्या औद्योगिक भागात पाठवायचं ठरलं तेव्हा ट्रेलरचे ड्रायव्हर मामा साखळ्या आवळता आवळताच म्हणाले, "साहेब, मी सोलापूरवरून जाणार. विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग. माल वजनी हाय." ट्रान्सपोर्टवाला फोनवर तापला. चाळीस-पन्नास किलोमीटर जास्त पडतात, डिझेल कोण देणार? मी म्हटलं, मी देतो. आणि मशीनबरोबर मलाही जायचंच होतं, म्हणून केबिनमध्ये चढलो.

मामा आष्टीकडचे. गाडी अठरा चाकी, मालासकट वजन चाळीस टनांच्या घरात. सातारा रस्त्याचा हिशेब त्यांनी बोटांवर मोजून दाखवला: कात्रज, खंबाटकी, निपाणीपुढे तवंदी, बेळगावच्या अलीकडे वंटमुरी. "चढाचं काय नाही ओ. गाडी रडत रडत चढती. उतार वाईट." हे मला तेव्हाच पटलं असं नाही, पण पुढे आकडे मांडून पाहिले आणि अंगावर आलं. शंभर मीटरला पाच मीटर असा उतार असेल, तर चाळीस टनांच्या गाडीला दोन टनांचा जोर सतत खाली ओढत असतो. अशी गाडी उंचीने शंभर मीटर खाली आली की जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यावर सव्वाशे लिटर पाणी उकळेल. इंजिनाने भार घेतला नाही तर ती सगळी ब्रेकच्या लायनरमध्ये, म्हणजे घासणाऱ्या पट्टीत, आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रममध्ये जाते. लायनर तापला की पकड सोडतो. ड्रम तापून फुगतो, मग लायनरला त्याच्यापर्यंत पोचायलाच जास्त दाब लागतो. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा पाय मारतो आणि ज्या दाबाच्या हवेवर हे ब्रेक चालतात, ती टाकीतली हवाही उतरत जाते.

सोलापूर रस्त्याला घाट का नाही, हेही मला त्या प्रवासात कळलं. आयुष्यभर पुण्यात राहून कधी विचार केला नव्हता. सातारा रस्ता सह्याद्रीचे फाटे आडवे कापत जातो. कात्रजचा डोंगर ओलांडला की मुठेचं खोरं सुटून नीरेचं लागतं, खंबाटकी ओलांडली की नीरेचं सुटून कृष्णेचं. प्रत्येक खोऱ्याला एक चढ आणि एक उतार ठरलेला. सोलापूर रस्ता मात्र आधी मुळा-मुठेच्या आणि मग भीमेच्या कलाने, पाणी जातं त्याच दिशेला जातो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि बंगळूर ९०० मीटरच्या वर, म्हणजे चढायचं तर आहेच. पण या बाजूने ती उंची मैलोनमैल पसरून येते, पायाला कळतही नाही. मामांनी भूगोलाचं पुस्तक उघडलेलं नाही, पण नदी कुठून जाते ते त्यांना पाठ आहे.

लोणीकंद, केसनंद, थेऊर करत रात्री सोलापूर रस्त्याला लागलो. भिगवणला मासे खाल्ले, उत्तम. सोलापूर बायपासला झोप. विजापूरच्या पुढे उन्हाने केबिनची भट्टी झाली, निडगुंदीजवळ कृष्णा ओलांडताना जरा गार वारा लागला. इरकल साड्यांचं इलकल गाव रस्त्यावरच आहे, पण ट्रेलर काही साडीसाठी थांबत नाही, याची हळहळ घरच्यांना वाटली आणि मलाही. पीण्याला प्रेस उतरलं, पाया आधीच भरलेला होता, काम झालं.

परतीचा माल ब्याडगीहून मिळाला, मिरची. पोती हलकी, ताडपत्री बांधूनही केबिनपर्यंत तिखट वास येत होता, आणि क्लीनर पोरगा शिंकून शिंकून बेजार. या वजनाला मामा साताऱ्याने यायला तयार होते. तवंदी, खंबाटकीचा बोगदा आणि त्यापुढचं ते एस वळण, सगळं निवांत झालं. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या टप्प्याबद्दल.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलो की दरी पूल, स्वामिनारायण मंदिर, नऱ्हे आणि मग नवले पूल, सगळा सलग उतार. याच उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने एकामागोमाग कित्येक गाड्या उडवल्या होत्या. मामांनी बोगद्यातच गिअर खाली घेतला आणि एक्झॉस्ट ब्रेक लावला, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून इंजिनानेच गाडी आवरायची. गाडीचा आवाज घोगरा झाला, काटा तिशीच्या खाली आला. उजवा पाय ब्रेकच्या वर, पण टेकलेला नाही. अधूनमधून एकदा नेमका दाब, वेग उतरला की पाय वर. नजर एकदा रस्त्यावर, एकदा हवेच्या काट्यावर.

आणि मागून हॉर्न. डिपर. एका कारवाल्याने शेजारी येऊन काच खाली करून शिवी दिली. मामा पुढच्या गाडीपासून मुद्दाम अंतर सोडत होते, आणि ते अंतर दिसलं की कुणीतरी त्यात घुसून ब्रेक मारत होतं. मामा पुन्हा अंतर सोडायचे, पुन्हा कुणीतरी घुसायचं. ती मोकळी जागा रिकामी नव्हती हो! ती आमच्या ब्रेकची जागा होती, आणि घुसणाऱ्याच्या जिवाची. मी खिडकीतून हात काढून लोकांना थांबा थांबा म्हणत होतो. मला इतका संताप गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता. कारण मी स्वतः पुणेकर, हे लोक माझ्या गावचे, आणि ज्या ट्रकवाल्यांना अपघातानंतर आपण सगळे दोष देतो, त्यातला एक नियमाने उतरतोय तर त्याला टिकू देत नाहीत.

उतारावर काहीजण गाडी न्यूट्रलला सोडतात, त्याचं विचारलं तर मामा चिडले. काही मालक डिझेल वाचवायला सांगतात म्हणाले. मुळात ते वाचतही नाही: नव्या इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असली की डिझेल बंद होतं, न्यूट्रलला उलट आयडलिंगचं जळतं. आणि इंजिनच बंद केलं तर हवा भरणारा कंप्रेसर थांबतो, स्टिअरिंग जड होतं. "ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं. आमच्या उस्तादानं एवढंच शिकवलं."

नवले पूल ओलांडून मामांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून एकेका चाकाजवळ तळहात नेऊन धग पाहिली. मलाही पाहायला लावलं. कोमट.

दुसरं प्रेस पुढच्या महिन्यात जाणार आहे. ट्रान्सपोर्टवाल्याने पुन्हा सातारा रस्त्याचाच दर पाठवला. मी बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, मार्ग लिहूनच मागितला आहे, सोलापूर, विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, आणि जादा डिझेलचे पैसे आगाऊ दिले आहेत. मामा मोकळे नसतील तर ते मोकळे होईपर्यंत मशीन थांबेल.